झालंच

श्रीगोंदा,
२१ नोव्हेंबर २०२४

चि. अपूर्वा,

आशीर्वाद आहेतच, ते दर वेळी वेगळे मोजून देत नाही. घरात फोन असताना मामी पत्र का लिहितेय, असं तुला वाटेल. त्याचं कारण फोनची रेंज. ती मिळते फक्त पुढच्या खोलीत, आणि पुढच्या खोलीत तुझ्या मामांची कॉट. त्यांच्याबद्दल त्यांच्यासमोरच बोलायचं, आणि तेही ते तिथे नाहीतच असं धरून, हे मला जमत नाही. डॉक्टरांना जमतं, राजसलाही जमायला लागलंय. ह्यांना ऐकू सगळं येतं. कळतंही सगळं, निदान मला तसं वाटतं.

ऑगस्टमधल्या अर्धांगाच्या झटक्यातून अंग बरंच सावरलंय. उजव्या हाताची मूठ वळते, काठी घेऊन ओट्यापर्यंत जातात. अडलंय ते बोलण्यापाशी. ज्या माणसाने सगळी हयात पोरांना मराठी शिकवण्यात घालवली, त्याच्याकडे आता एकच शब्द उरलाय, 'झालंच'. पाणी देऊ का? झालंच. पंखा लावू का? झालंच. परवा शेजारच्या छबूबाईंनी विचारलं, सर, ओळखलं का मला? तर त्यांनाही झालंच. लिहायला पेन दिलं तर नुसत्या रेघा उमटतात, आणि हो-नाहीला मान हलवतात तीही भलतीच. आम्ही आठवड्याला नगरला नेतो, तिथे बोलणं शिकवणाऱ्या एक बाई आहेत. (अहिल्यानगर अजून माझ्या जिभेवर बसायचंय.) त्या म्हणतात, असं होतं, सगळे शब्द आत अडकतात आणि एखादाच बाहेर राहतो. कुठला राहील ते कुणाच्या हातात नसतं. एवढी भाषा, आणि राहिला तो माझ्या स्वयंपाकघरातला शब्द.

आता मुद्द्याचं. राजसने हैदराबादला त्याच्या शेजारच्या इमारतीत तळमजल्याचा फ्लॅट बघितलाय. पाडव्याच्या आत आम्हा दोघांना न्यायचं म्हणतो. तिकडे इस्पितळ जवळ, नात मनवा जवळ, तो स्वतः जवळ. त्याचं चुकतंय असं मी म्हणणार नाही. शिवाय पोरगा सरळ आहे. म्हणतो, बाबांनी स्वतः हो म्हटल्याशिवाय मी त्यांना इथून उचलणार नाही. पण हो म्हणायला ह्यांच्याकडे शब्द कुठाय? आणि नको म्हणायला तरी कुठाय? ज्यांच्या आयुष्याचा प्रश्न, त्यांनाच उत्तर देता येत नाही, ह्याचा मला रात्रंदिवस घोर लागलाय.

ह्यांना हैदराबाद चालणार नाही, हे मी लिहून देते. माझं काय, मी कुठेही राहीन.

तुझी आई सांगते, तू कॉम्प्युटरला भाषा शिकवतेस. मग तुझ्या मामांसाठी त्यात काही सापडतं का बघ.

तुझी
मामी

---

पुणे,
३ डिसेंबर २०२४

ती. मामी,

नमस्कार, वाकून केलाय असं समज. आईने तुला माझ्या कामाबद्दल नेहमीसारखं फुगवून सांगितलंय. मी कॉम्प्युटरला भाषा शिकवत नाही. भाषा त्याला आधीच येते. मी त्याला फक्त 'चाललंय, चाललंय' असं म्हणायला शिकवते. ह्याचा मला पगार मिळतो.

हसू नकोस, नीट सांगते. आम्ही शाळेतल्या मुलांना मराठीतून प्रोग्रॅम लिहिता यावेत म्हणून एक साधन करतोय. मूल ज्या खिडकीत लिहितं तिला एडिटर म्हणतात. एडिटर दिसायला देखणा, पण त्याला भाषेतलं ओ की ठो कळत नाही. ज्याला कळतं तो मागे बसलेला असतो. त्याचं नाव लँग्वेज सर्व्हर. मुलाने चूक केली की मागचा पुढच्याला सांगतो आणि पुढचा लाल रेघ ओढतो. तुला आठवतं ना, मामा सहामाहीचे पेपर घेऊन मधल्या खोलीत दार लावून बसायचा आणि ओट्यावर पालक यायचे? तू दारात उभी राहायचीस. तर तू एडिटर, मामा सर्व्हर. आतून हूं की चूं नाही, आणि बाहेरची माणसं विचारायची, सर आहेत ना घरात?

नेमकी हीच आमची अडचण आहे. मोठं काम उघडलं की सर्व्हरला आधी सगळ्या फायली वाचाव्या लागतात. त्याला वेळ लागतो. तोवर एडिटर मुका. मुलांना वाटतं बंद पडलं, मग ती खिडकी मिटून पुन्हा उघडतात, आणि सर्व्हर बिचारा पहिल्या पानापासून परत सुरू. म्हणून माझं काम असं, की मागच्याने पुढच्याला कळवत राहायचं. सुरू केलं, एवढं झालं, आता संपलं. हे 'संपलं' सांगायला विसरलं तर पडद्यावरचं चक्र जन्मभर फिरत बसतं. आणि एका वेळी दोन-तीन कामं चालू असतात, म्हणून प्रत्येकाला टोकन द्यायचं, दवाखान्यात देतात तसं. नाहीतर निरोप एका कामाचा यायचा आणि आपण समजायचो दुसऱ्याचा.

वाट बघणाऱ्या मुलाला पडद्यावर काय दाखवायचं, ते मी ठरवायचं होतं. तुझं पत्र आलं त्याच दिवशी. ते वाचलं, आणि मी तिथे 'झालंच' असं लिहून टाकलं. तुझं आणि मामाचं नाव कुठेतरी राहावं म्हणून. भात झाला का विचारलं की तू आतून 'झालंच' म्हणायचीस, तेव्हा तांदूळ अजून डब्यात असायचा. ऑफिसात सगळ्यांना आवडलं.

मामासाठी म्हणशील तर चित्रांवर बोट ठेवून बोलायची ॲपं आहेत. नगरच्या बाईंना विचार, त्यातलं त्यांना जास्त कळेल. मला एवढंच वाटतं, की मामाला विचारल्याशिवाय काही ठरू नये. कसं विचारायचं ते मात्र मलाही सुचत नाही.

तुझी
अपूर्वा

---

श्रीगोंदा,
१७ जानेवारी २०२५

चि. अपूर्वा,

तीळगूळ घे. आम्हाला मोठ्या हुद्द्यावर बसवलंस त्याबद्दल आभारी आहे. मी एडिटर, म्हणजे दिसायला देखणी आणि डोक्याने रिकामी, हे तू मोठ्या खुबीने सांगितलंस.

चित्रांचं करून बघितलं. बाईंनी मोबाईलवर दाखवलं, पेला, ताट, संडास. ह्यांनी मोबाईल हळूच बाजूला सारला. दहावीच्या वर्गाला अलंकार शिकवलेल्या माणसाने पेल्याच्या चित्रावर बोट ठेवायचं, हे मलाही बघवलं नाही. तो विषय तिथेच मिटला.

संक्रांतीला राजस आला होता. संध्याकाळी ओट्यावर आम्ही तिघं आणि काकासाहेब. काकासाहेब तुला आठवत असतील, कारखान्याच्या रस्त्यावर त्यांचा ऊस आहे, आणि ह्यांच्याशी बोलल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही. ह्यांचं बोलणं गेल्यापासून तर त्यांना उलट जोरच चढलाय, मध्ये कुणी अडवत नाही ना. "सर, तुमी काय बी बोलू नका, आमाला समदं कळतंय," म्हणतात, आणि कारखान्याच्या निवडणुकीचं पुराण लावतात. हे म्हणतात, झालंच. की काकासाहेब माझ्याकडे वळून, "बगा, सरास्नी बी पटलं."

तर राजसने खुर्ची पुढे ओढली आणि सरळ विचारलं, "बाबा, येताय ना हैदराबादला? तुमच्या तोंडून ऐकायचंय मला." हे म्हणाले, झालंच. राजसचा चेहरा असा उजळला म्हणून सांगू. "आई, ठरलं बघ, झालंच म्हणाले." काकासाहेबांनी ह्यांचा हात धरला. म्हणाले, "सर चाल्ले म्हना की आता." आणि मला काय ऐकू आलं, सांगू? मला ऐकू आलं, संपलं सगळं. माझं झालंच आता, कुठेही नेऊन ठेवा. अपूर्वा, तो आवाजच तसा खोल होता. माझ्या डोळ्याला धार लागली. ह्यांचं तोंड तेव्हा अजून हलत होतं, पण मला ते बघवेना. थकलेत ते, पुरे आता, म्हणून मी त्यांच्या अंगावर शाल घातली आणि आत घेऊन गेले.

एकाच शब्दाचे आम्ही तिघांनी तीन अर्थ लावले. राजस आता आठ मार्चला येणार आहे, सामान बांधायला. मी त्याला म्हटलं, ह्यांना नकोय रे, मला त्यांच्या डोळ्यांत दिसतं. तो म्हणाला, "आई, ते हो म्हणालेत." आता ह्यात खरं-खोटं कोण करणार? तिकडे गेल्यावर ह्यांचं मन लागलं नाही तर परत आणता येणार नाही, हे काय मला कळत नाही? माझा प्रश्न नाही, मी कुठेही राहीन.

तुझी
मामी

---

पुणे,
२७ जानेवारी २०२५

ती. मामी,

माझ्या कामात माझी फजिती झालीये, ती आधी सांगते, मग तुझ्याकडे येते.

जामखेडच्या एका शाळेत आमचं साधन वापरून बघतायत. तिथल्या हनुमंत सरांचा फोन आला. "मॅडम, तुमचं मशिन खोटं बोलतंय. झालंच म्हनतंय, आन् झालेलं काईच न्हाई. पोरं बटनं दाबत्यात, काई व्हत न्हाई, मग बंद करत्यात." मी म्हटलं, अहो सर, 'झालंच' म्हणजे होत आलंय, जरा थांबा. तर म्हणाले, "ते आमची मंडळी म्हनती तवा कळतं मला. आत भाकरी थापल्याचा आवाज येत असतोय. तुमच्या मशिनच्या आत कसला आवाज येनार?"

ऑफिसात आम्ही सगळे मराठी, कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. फोन ठेवला आणि मला मामाचा सुट्टीतला धडा आठवला. आम्ही भावंडं झोपाळ्यावर, आणि मामा विचारायचा, 'आलोच' हा कुठला काळ? आम्ही ओरडायचो, भूतकाळ. मग मामा म्हणायचा, तो अजून घरात चप्पल शोधतोय, आणि भूतकाळ कसा? मराठी माणूस थोड्या वेळाने व्हायचं ते झालं म्हणून सांगतो. समोरच्याने निघून जाऊ नये म्हणून. थांब, तुझ्यासाठीच येतोय, असा त्याचा अर्थ.

मामी, मामाचा शब्द तोच आहे. राजस त्याला 'ठरलं' समजला, काकासाहेब 'चाललो' समजले, तू 'संपलं' समजलीस. तो कदाचित एवढंच म्हणत असेल, की आलोच, थांबा. आत तो उत्तर शोधतोय, आणि ओट्यावरची माणसं उठून जाऊ नयेत म्हणून कळवतोय. आपल्याला आतली भांडी ऐकू येत नाहीत, एवढंच. मी डॉक्टर नाही, चुकतही असेन. पण एकदा तरी, तो झालंच म्हणाला की कुणीही काहीही न बोलता थांबून बघा.

आता जरा बोचेल असं लिहिते. एडिटरमध्ये आम्ही एक फुली दिलीये, चालू काम मध्येच थांबवायची. मुलं गोंधळली की आधी फुली दाबतात, आणि झालेलं सगळं वाया जातं. तू लिहिलंस, त्याचं तोंड हलत होतं आणि तू शाल घातलीस. ती फुली होती, मामी. मायेने दाबलीस, तरी फुलीच. आणि आणखी एक. राजस मला सांगत होता, की आईने हैदराबादच्या फ्लॅटची खिडकी कुठल्या बाजूला आहे ते विचारलं, मनवाची शाळेची बस कुठे थांबते तेही विचारलं. मग 'ह्यांना चालणार नाही' हे वाक्य नक्की कुणाचं आहे?

तुझी
अपूर्वा

---

श्रीगोंदा,
२ फेब्रुवारी २०२५

अपूर्वा,

पत्र मिळालं. तुझा मामा मशीन नाही आणि मी फुली नाही.

ऑगस्टपासून ह्यांना अंघोळ घालणं, दाढी करणं, घास बारीक करून देणं, रात्री दोनदा उठवणं हे मी करतेय. त्यांना काय हवं ते त्यांनी सांगायच्या आत मला कळतं, म्हणून हे घर चाललंय. प्रत्येक वेळी ते बोलतील म्हणून थांबून बसले तर दुपारचं जेवण संध्याकाळी होईल. शाल घातली कारण गार वारं सुटलं होतं. खिडकीची चौकशी त्यांच्यासाठीच केली, त्यांना सकाळचं ऊन लागतं. बसचं सहज विचारलं. आजीने नातीची बस विचारू नये असं काही आहे का?

ह्या पत्राचं उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

सुमेधा मामी

---

पुणे,
१४ फेब्रुवारी २०२५

ती. मामी,

उत्तर नको म्हणालीस, तरी देते. तुला लागेल असं लिहिलं, आणि लिहिताना मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटत होतं. तू तिथे काय करतेस ते मी इथे खुर्चीत बसून बघितलं नाही. मला माफ कर. फुलीचं मागे घेते. मामाच्या शब्दाचं मात्र मागे घेता येत नाही, कारण ते मला अजून खरं वाटतं.

राजसशी काल बोलले. तो नगरच्या बाईंना दर आठवड्याला विचारतो, किती टक्के सुधारणा? त्याच्या तगाद्याला कंटाळून त्या एकदा तीस म्हणाल्या. मग मामाला सर्दी झाली, तो अजूनच गप्प झाला, आणि राजस हादरला. म्हणे, तीसवरून मागे कसे गेले? मी त्याला माझ्या कामातला नियम सांगितला. काम केवढं आहे हे सुरुवातीला माहीत नसेल तर टक्के सांगूच नयेत. एकदा सांगितले की माणूस कामाकडे बघत नाही, आकड्याकडेच बघतो, आणि आकड्याला मागे यायची परवानगी नसते. आम्हीही ते काढून टाकले. आमचा सर्व्हर नव्व्याण्णववर जाऊन बसायचा आणि मुलं त्याला शिव्या द्यायची. राजसने ते ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मला नुसतं बाबांचं काहीतरी पुढे सरकतंय एवढं कळायला हवंय गं." तोही घाबरलेलाच आहे, मामी. आठ मार्चला सामान बांधायच्या आधी तो मामाला पुन्हा एकदा, शेवटचं विचारणार, फ्लॅटचा मालक त्याच्यासाठी आणखी थांबायला तयार नाही.

मी पडद्यावरचा 'झालंच' काढला. त्याच्या जागी नुसतं गोल फिरणारं चक्र आहे. हनुमंत सर म्हणतात, ह्याच्यापरीस ते खोटं बोलनारं बरं हुतं, निदान बोलत तरी हुतं. मी आता अडकलेय. एखादा शब्द सुचला तर कळव. पूर्वी असता तर मामालाच विचारला असता.

आठ तारखेला जे होईल ते होवो, तू दमू नकोस.

तुझी
अपूर्वा

---

श्रीगोंदा,
१० मार्च २०२५

चि. अपूर्वा,

तुझ्यावरचा राग माझा केव्हाच गेला होता, फक्त तो गेल्याचं कळवायचं राहिलं. तुझ्या भाषेत सांगायचं तर चक्र फिरत ठेवलं मी.

शनिवारी राजस आला. येताना टेम्पोतून खोकीही घेऊन आला, ती माजघरात उभी करून ठेवली. दुपारी चहाला ओट्यावर बसलो, काकासाहेब होतेच. राजस ह्यांच्यासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "बाबा, आता शेवटचं विचारतो. आपण जायचं का नाही?"

हे म्हणाले, झालंच.

काकासाहेबांनी लगेच, "व्हय, सर म्हनत्यात," एवढं सुरू केलं आणि मी म्हटलं, काकासाहेब, थांबा. राजसने माझ्याकडे पाहिलं. त्यालाही म्हटलं, थांब. मग मला स्वतःला थांबावं लागलं, आणि ते ह्या दोघांना थांबवण्यापेक्षा कितीतरी अवघड गेलं. माझ्या जिभेवर वाक्य तयार होतं, ह्यांना नकोय रे. इतकी वर्षं घोटलेलं वाक्य आहे ते. लग्नाला जायचं नसलं की ह्यांना बरं नाही, कुणी राहायला यायला नको असलं की ह्यांना गडबड चालत नाही. तू विचारलं होतंस ना, हे वाक्य कुणाचं. मी ते गिळलं आणि ह्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

रस्त्याने उसाचा ट्रॅक्टर गेला, मागे दोन ट्रॉल्या आणि पुढे मोठ्याने गाणं. तो लांब जाईपर्यंत कुणी बोललं नाही. चहावर साय धरली. ह्यांनी डोळे मिटले, कपाळाची शीर टरारली, डाव्या हाताची बोटं मांडीवर हलत होती, फळ्यावर काही लिहिल्यासारखी. पुन्हा म्हणाले, झालंच. आणि ह्या वेळी मला ते ऐकू आलं, अपूर्वा. आत भांडी वाजत होती. माणूस कामात होता. इतके महिने तो मला आतून सांगत होता, की जाऊ नकोस, आणतोय. आणि मी दर वेळी संपलं म्हणून दार लोटून घेत होते. मला रडू आलं, पण मी हलले नाही.

"तु," म्हणाले. राजस पुढे झाला, "तुम्ही? तुम्हाला काय, बाबा?" मी त्याचा खांदा धरून मागे ओढलं. ह्यांनी मान हलवली, नाही अशी, आणि ह्या वेळी नेमकी. माझ्याकडे बघितलं. ओठ आवळले, सोडले, परत आवळले.

"तुझं," म्हणाले. आणि मग कितीतरी वेळाने, "काय?"

तुझं काय.

मी सवयीने म्हणायला गेले, "माझं काय, मी कुठेही," आणि पुढचं तोंडातच राहिलं. कारण त्यांचं 'तुझं काय' हे माझ्या ह्याच वाक्याचं उत्तर होतं. राजसच्या प्रश्नाचं नव्हतंच ते. तू ते टोकनाचं लिहिलं होतंस ना, निरोप एका कामाचा आणि आपण समजायचो दुसऱ्याचा. आम्ही सगळे हैदराबादचं हो की नाही ऐकायला टपून बसलो होतो, आणि हे मात्र माझ्या 'माझं काय' वर अडून बसले होते. ते मी ह्या घरात रोज म्हणत होते, नुसतं म्हणायचं म्हणून. एका माणसाने तो प्रश्न समजून घेतला आणि तो मला परत विचारायला एवढे दिवस आत खपत होता.

राजस मांडीत डोकं घालून रडला. काकासाहेब टोपी काढून बसले, म्हणाले, "वहिनी, सर बोल्ले." त्यापुढे त्यांनाही काही सुचलं नाही, आणि ते गप्प बसलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

तुला पडद्यासाठी शब्द हवा होता. 'झालंच' काढू नकोस. पण त्याच्याखाली आत काय चाललंय ते लिही, आणि तुझ्या त्या फायलींना धडे म्हण. 'झालंच. सातवा धडा वाचतोय.' मग 'आठवा धडा वाचतोय.' तुझ्या हनुमंत सरांना भाकरीचा आवाज हवाय, तो हा. ह्यांना हे वाचून दाखवलं. त्यांनी 'धडा' ह्या शब्दावर बोट ठेवून मान डोलावली, तेव्हा ते तपासून झालंय असं समज.

आता माझं. राजसने मालकाला फोन करून तो फ्लॅट सोडून दिला. खोकी परत टेम्पोत घातली. जाताना मला म्हणाला, "आई, बाबांनी विचारलंय ते आता मीही विचारतो. तुला काय हवंय? मिळतील आणखी फ्लॅट, पण मला तुझं ऐकायचंय."

अपूर्वा, मला खरंच माहीत नाही. मनवाचं बोट धरून बसपर्यंत जावंसं वाटतं. गुरुवारचं भजन सोडवत नाही. कधी कधी सकाळी उठून दुसऱ्या कुणाचं तोंड धुवायच्या आधी आपला चहा आपण बसून प्यावासा वाटतो, आणि हे लिहितानाही मला लाज वाटते. हे सगळं एकमेकांत इतकं गुंतलंय, की त्याचं एक वाक्य होत नाही. आयुष्यभर ह्यांच्या नावाने बोलले, त्यामुळे स्वतःचं वाक्य कुठून सुरू करायचं तेच सापडत नाही.

राजस गाडीत बसता बसता म्हणाला, "सांगशील ना पण?" मी म्हटलं, झालंच.

ते ऐकून हे हसले. तोंड एका बाजूला ओढून का होईना, पण ऑगस्टनंतर पहिल्यांदाच हसले.

आत्ता हे पत्र लिहितेय तर समोर खुर्चीत बसलेत. मध्येच मी लिहायची थांबते, काहीतरी बोलायला तोंड उघडते आणि मिटते. त्यांना दिसतंय. ते माझं वाक्य पुरं करत नाहीत, नुसते थांबलेत.

तुझी
सुमेधा